पंख्यातलं सोलापूर

बहिणीचा फोन आला की विषय दोनच: पाणी कितव्या दिवशी आलं आणि पोरानं काय मागितलं. या वेळी पाणी पाचव्या दिवशी आलं होतं आणि पोरानं रॅम मागितली होती.

"लॅपटॉप घेतला तेव्हा रॅम आत आहे म्हणाले होते की," ती म्हणाली. "आता ती कुठं गेली?"

कुठंच गेली नव्हती. आठ जीबी होती, आठच आहे. २०१८ साली थोरल्यानं इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी म्हणून हा गेमिंग लॅपटॉप घ्यायला लावला. प्रोजेक्टला कीबोर्डखाली लाल दिवे कशाला लागतात, हे घरात कुणी विचारलं नाही. पुढं थोरला पुण्याला गेला (सोलापूरचा थोरला दुसरीकडं जातो कुठं?) आणि लॅपटॉप, त्याच्या शर्टांसारखाच, धाकट्याकडं आला. धाकट्याला नवे गेम खेळायचेत. नवा लॅपटॉप मागायची छाती नाही, म्हणून त्यानं यादी केली: रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, विंडोज ११. किराणाच्या यादीत शेवटी हळूच तूप घुसवावं तशी सगळ्यात खाली बारीक अक्षरात बॅटरी.

बहिणीचं घर पूर्व भागात, भिंतीपलीकडं यंत्रमाग. त्या बाजूला यंत्र म्हातारं होत नसतं. धोटा झिजला, धोटा बदला. मोटार जळली, वाइंडिंग करून आणा. नक्षी जुनी झाली, जेकार्डचे पुठ्ठे बदला. माणूस रिटायर होतो, माग नाही. त्यामुळं आठ वर्षांत यंत्र कालबाह्य होतं हे दाजींना पटणं अशक्य. "पार्ट टाका की," एवढंच ते म्हणाले आणि पेपर उलटला.

भाच्याला घेऊन नव्या पेठेत गेलो. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं यादी वाचली आणि बोलायच्या आधी दोन ओळींवर काट मारली. ग्राफिक्स आणि प्रोसेसर. "मामा, हे बोर्डाला डाखलेलं असतंय. स्क्रू असता तर बदललं असतं बघा."

म्हणजे गेम ज्या दोन गोष्टींच्या जिवावर पळतो, नेमक्या त्या दोन बदलता येत नाहीत. भाच्याच्या लॅपटॉपात आय-५ आहे, सातव्या पिढीचा, आणि सोबत चार जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय. २०१७ सालची ही जोडी त्या काळी झकास होती. आजचे बडे गेम चार जीबीकडं असे बघतात, जसं लग्नाच्या पंगतीत एकट्याच आलेल्या पुरीकडं बघावं.

बदलता येण्यासारखं काही कुणी केलंच नाही असं नाही. डेलनं २०१९ मध्ये एलियनवेअरचा एक अवाढव्य लॅपटॉप काढला, प्रोसेसर आणि ग्राफिक्स बदलता येण्याची जाहिरात करून. पुढच्या पिढीची चिप आली, ती त्यात बसेना, आणि २०२३ मध्ये चिडलेले ग्राहक अमेरिकेतल्या कोर्टात गेले. फ्रेमवर्क नावाच्या कंपनीनं मात्र ग्राफिक्सचा अख्खा भाग काढून नवा लावता येईल असा लॅपटॉप खरोखर विकला. तसा घरी असता तर दाजींनी कंपनीचा सत्कार केला असता. पण भाच्याकडं आहे तो लाल दिव्यांचा.

मग रॅम. यादीतली सगळ्यात साधी गोष्ट. दोन स्क्रू काढा, पट्टी खोवा, झालं. दुकानदारानं भाव सांगायच्या आधी फोन लावून विचारला, सराफ विचारतो तसा. २०२५ च्या अखेरीला मेमरीचे भाव भडकले, कारण चिपा बनवणाऱ्या कंपन्या एआयच्या डेटा सेंटरांना माल पुरवण्यात गुंतल्या. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या ब्रँडखाली तुमच्या-आमच्यासाठी पट्ट्या विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जगातल्या कुठल्या तरी यंत्राला कविता लिहायच्यात म्हणून पूर्व भागातल्या पोराला रॅम महाग. आणि भाचा त्याच यंत्राला विचारून ही यादी करून आला होता.

विंडोज ११ वर तिसरी काट. मायक्रोसॉफ्ट सातव्या पिढीच्या जवळजवळ कुठल्याच इंटेल प्रोसेसरला त्या घरात घेत नाही, सोयरीक आठव्यापासून. विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच महिन्यात एनव्हिडियानं १०५० टीआयच्या पिढीला नव्या गेमसाठी ड्रायव्हर देणं थांबवलं. २०२८ पर्यंत सुरक्षेपुरती डागडुजी तेवढी मिळेल. एकाच महिन्यात सासर-माहेर दोन्ही तुटलं.

उरलं काय? एसएसडी. आत अजून फिरणारी हार्ड डिस्क होती, लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा होऊन प्यायलाही जायचा. तिथं एसएसडी डोळे मिटून टाकावी. ती पैशाला जागते. फक्त तिच्यानं गेम लवकर उघडतो, उघडल्यावर जोरात पळत नाही, हे पोरांना आधी सांगावं. रॅमची आणखी आठची पट्टी कुणाच्या मेलेल्या लॅपटॉपातली निघाली तर घ्यावी, नवी नको. माझा हिशेब सोपा आहे: तो लॅपटॉप आज विकून जे हाती येईल, त्याच्या निम्म्यावर खर्च गेला की थांबायचं. भाच्याला हा हिशेब आवडला नाही.

मग दुरुस्तीवाल्यानं खालचं झाकण काढलं आणि आम्ही तिघंही गप्प झालो.

पंख्यामागं जिथून गरम हवा बाहेर पडायची, तिथं सुताच्या धुळीची एक करडी लादी बसली होती. बोटभर जाड, नमद्यासारखी दाबलेली. आठ वर्षांचे माग त्या पंख्यानं ओढून घेतले होते. एरवीही ही चिप शंभर अंशांच्या जवळ गेली की जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवते. कंपनीनं तिचा वेग मोजला असेल एसीत बसून; आमच्याकडं मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर बसलेली असते, आणि वरून हे गोधडं. बिचारी गेम खेळत नव्हती, उन्हाळा काढत होती. चिपेवरची पेस्ट वाळून खडू झाली होती. ती खरवडून नवी लावली, आपल्याकडं भांड्यांना कल्हई लावायचे त्याच निगुतीनं.

एसएसडी बसली, पंखा मोकळा झाला. घरी येऊन भाच्यानं जुनाच गेम लावला, दहा मिनिटं खेळला, आणि नाखुशीनं कबूल केलं: "पळतंय की, मामा." यादी मात्र त्यानं फाडली नाही, घडी करून पाकिटात ठेवली.

ती लादी दुरुस्तीवाल्यानं पुराव्यादाखल कागदात गुंडाळून दिली होती. बहिणीच्या सासूबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली, बोटांत चोळली.

"सूत चांगलंय," त्या म्हणाल्या. "धुतलं तर वाती होतील."