नाही म्हणणाऱ्याची नेमणूक

दुकानाची पाटी रंगवायचा खर्च एकदाच येतो. पण पाटीवर नंबर टाकला की तो उचलणारा माणूस कायमचा पोसावा लागतो. वडशात, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजात, दिवाळीच्या सुमाराला अशा पाट्यांची रांग लागते. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्या आपापली कार्यालयं उघडतात. एक खोली, एक टेबल, नटनट्यांच्या चेहऱ्यांनी गच्च भरलेलं पोस्टर, तारखांची वही आणि एक फोन. कंपन्या पन्नासच्या घरात असल्याचं सांगतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांतली गावं होळीच्या आसपासपर्यंत या खोल्यांना फोन लावत राहतात.

माझ्या ओळखीचे एक कंपनीमालक या फोनला कंटाळले होते. ते नाटकात स्वतः खलनायक करतात. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि तांबडं फुटेपर्यंत चालतं. रात्रभर नायिकेला पळवून नेणारा माणूस सकाळी झोपतो, आणि नाटक ठरवणाऱ्या गावोगावच्या मंडळांचे सचिव फोन करतात ते नेमके सकाळी. एकदा त्यांनी झोपेतच फोन घेतला. आवाज अजून भूमिकेतून उतरला नव्हता. पलीकडच्या मंडळानं दुसरी कंपनी ठरवली.

मग शोध सुरू झाला. आधी भाचा बसवला. तो कॉलेजात जाणारा, हुशार. पण प्रत्येकाला ‘व्हॉट्सॲप करा’ एवढंच सांगायचा. साठीतल्या सचिवाला हे ‘चालते व्हा’सारखं ऐकू येई. त्यानंतर पुण्याच्या एका फोनसेवेचा विक्रेता लागला मागे. दरमहा ठरावीक पैसे, चोवीस तास गोड आवाज, मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन. मालकांनी शांतपणे विचारलं, झाडीबोलीसाठी काय दाबायचं? गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली, सगळ्या भाषा एकट्या गडचिरोली जिल्ह्यात नांदतात. प्रत्येकीला एक आकडा द्यायचा तर गिऱ्हाइकाची बोटं दुखायची. शिवाय आतल्या गावचा माणूस रेंजसाठी टेकडीवर चढून फोन लावतो. ‘आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे वाक्य संपेपर्यंत रेंज जाते. महत्त्व तेवढं पोचतं.

खरी अडचण मात्र भाषेची नव्हती, रेंजचीही नव्हती. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात, आणि त्या रात्री नाटक हवंच. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, चहापाण्यात पोरापोरींची स्थळंही निघतात. मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं आणि गावात तिकिटं विकतं. म्हणजे तारीख हुकली तर एकट्या सचिवाची नाही, गावाची अब्रू जाते. आता एकाच तारखेला दहा गावांनी फोन केला आणि कंपनीचा संच एकच असला, तर दहापैकी नऊ फोन ‘नाही’ सांगण्यासाठीच उचलायचे असतात. तेही असं सांगायचं, की त्या गावानं पुढल्या वर्षी पुन्हा आपल्यालाच फोन करावा. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात चोवीस तास ‘हो’ म्हणायची सोय होती. ‘नाही’चा दर त्यात कुठेच दिला नव्हता.

फोन कोण उचलतो यावर धंदा बसतो किंवा बुडतो, ही धास्ती काही वडशापुरती नाही. अमेरिकेत ॲल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा धंदा करायचा. टेलिफोन एक्सचेंजातली बाई ही त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको, आणि ती आपली गिऱ्हाइकं नवऱ्याकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणे. त्या रागात त्यानं बाईची गरजच उरू नये असं यंत्र शोधलं. १८९१ मध्ये त्याला पेटंटही मिळालं. जगातली आपोआप जोडणारी एक्सचेंजं त्या रागातून सुरू झाली. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्ट्रोजरच्या धंद्यात गिऱ्हाईक पुन्हा येत नसे, त्याला यंत्र परवडलं. नाटकवाल्याला परवडत नाही.

शेवटी मालकांचं लक्ष आपल्याच कंपनीतल्या म्हाताऱ्या प्रॉम्प्टरकडे गेलं. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, सगळा मुलूख हरखला. प्रॉम्प्टरला पद्मश्री मिळाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही, आणि ते त्याच्या कामाला धरूनच आहे. वाक्य दुसऱ्याच्या तोंडी द्यायचं, आणि ते आपण दिलं हे कुणाला कळू द्यायचं नाही, यात त्याची हयात गेलेली. मी टेबलापाशी बसून त्याचा एक फोन ऐकला.

“कोन्या गावचे जी?”

गाव सांगितलं गेलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीच नाटक पाहिजे होतं. ती तारीख वहीत केव्हाच भरली होती. म्हाताऱ्यानं वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“हव जी. धान निघाला का तुमच्याकडचा?”

“कुठचा जी! जड धान त अजून उभाच हाये.”

“मंग मानसं बांधीतच रायतीन न जी.”

बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. पलीकडे थोडा विचार झाला. मग सचिवच म्हणाला, आठ दिवसांनंतरची तारीख भेटते का? म्हातारा ‘पाहतो’ म्हणाला, आणि मग वही उघडली. सचिवानं आभार मानले. नाटकाची तारीख आपणच शहाणपणानं पुढे ढकलली, असंच तो गावात सांगणार. वाक्य कुणी दिलं हे त्यालाही कळलेलं नव्हतं.

मला वाटतं, फोनवर कुणाला बसवावं याची परीक्षा एवढीच असावी. ‘हो’ म्हणायला यंत्रही चालतं, भाचाही चालतो. माणूस निवडायचा तो त्याचा नकार ऐकून. ज्याच्या नकारानंतर समोरचा हलका होतो, त्याला पगार वाढवून द्यावा.

पुण्याच्या विक्रेत्याचा फोन मध्यंतरी पुन्हा आला. तोही म्हाताऱ्यानंच घेतला. गाव विचारलं, पीकपाणी विचारलं, तुमच्याकडे रात्रभर नाटक चालते का जी, असंही विचारलं. फोन ठेवायच्या आधी विक्रेता चौकशी करत होता, की वडशाला गाडी किती वाजता पोचते आणि खुर्चीचं तिकीट केवढ्याला. सेवेचं नावही त्यानं नंतर काढलं नाही. त्याला मिळालं होतं ते ‘नाही’च.