टाकी धुतली, हिशेबही धुतला

आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी वर्षातून चारदा धुतली जाते. निदान व्हाउचरवर तरी. टाकीतला गाळ मात्र एकनिष्ठ, जागचा हलत नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती २९ तारखेला होते. हिशेबाच्या कागदाआधी बटाटेवडे येतात आणि ‘मंजूर, मंजूर’ भरल्या तोंडानेच उमटते. कुणी १९६०च्या सहकार कायद्याचे कलम ३२ दाखवून ताळेबंद, इतिवृत्त मागितले, तर खजिनदार दुखावतात : “काका, आमच्यावर विश्वास नाही?” कलम ८३च्या चौकशीचे नाव काढले, की त्याच काकांचे पार्किंग अचानक बेकायदा ठरते. सिंकिंग फंड तेवढा नावाला जागतो. बुडतोच.