सामाईक गेट

आमच्या खरवईत सोसायटीच्या गेटातून गाडी काढायची तर वॉचमनमामांच्या शिट्टीवर श्रद्धा हवी. एका फुंकरीचा अर्थ ‘या’ की ‘थांबा’, हे मामांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. रॅम्पवर नाक वर करून उभ्या असलेल्या गाडीतून फक्त आभाळ दिसतं. स्टेशनकडे सुटलेली शेअर रिक्षा दिसते ती बॉनेटला हवा लावून गेल्यावर. मागून एमआयडीसीचा टेम्पो असतोच. गेटच्या एका अंगाला वडापावची गाडी, दुसऱ्या अंगाला ‘गेटसमोर वाहन लावल्यास हवा सोडली जाईल’ ही पाटी, आणि पाटीला टेकून लावलेली बाईक.

रस्त्यांचं गणित करणाऱ्यांनी या आडवं येण्याचा हिशोब मांडून ठेवलाय. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींच्या आड येतात, तीन तोंडांच्या नाक्यावर ९ ठिकाणी. गेटही रस्त्यालाच येऊन मिळतं, म्हणजे प्रत्येक गेट हा एक छोटा नाकाच. आणि आमच्याकडे जितके प्लॉट तितकी गेटं! ‘आत’ आणि ‘बाहेर’ अशी दोन असतील तर फ्लॅटचा भाव वाढतो. इंजिनीअर म्हणतात, शेजारच्या इमारतींनी मिळून एकच गेट ठेवावं, तेही नाक्यापासून लांब.

वार्षिक सभेत मी हे सुचवलं. सेक्रेटरी म्हणाले, “अहो, त्यांच्याशी आपला गणपती एक झाला नाही, टँकर एक झाला नाही, आणि गेट एक होणार?” एका काकूंनी विचारलं, कमानीवर आधी नाव कुणाचं? त्यावर चहा येईपर्यंत चर्चा झाली. खजिनदारांना स्पीडब्रेकर हवा होता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि जेमतेम १० सेंटिमीटर उंच असतो, असं मी सांगितलं. “एवढ्या रुंदीत तर दोन गाड्या पार्क होतील,” असं म्हणून त्यांनी विषय मागे घेतला.

शेवटी समोरच्या खांबावर बहिर्गोल आरसा लावायचं ठरलं. तो लागला, आणि शेजारच्या सोसायटीलाही त्यात रस्ता फुकट दिसू लागला. कमिटीने तातडीची मीटिंग घेऊन आरसा आपल्याकडे फिरवून घेतला. मग शेजाऱ्यांनी स्वतःचा आणून नेमका आमच्या आरशासमोर बसवला. आता आमच्यात त्यांचा आरसा दिसतो, त्यांच्यात आमचा. रस्ता कुणालाच दिसत नाही. रिक्षावाल्यांची मात्र भांग पाडायची सोय झाली.