लाईनीवर आलेली भाषा

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी शब्दकोशाने १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ या एका शब्दाला चारशेहून अधिक अर्थ दिले. कौतुकच आहे, पण त्यासाठी विद्वान पोसावे लागले. परभणीजवळच्या पिंगळीत तेच काम ‘लाईन’ हा शब्द बिनपगारी करतो.

विजेची लाईन जाते. नळाची फुटते. बँकेत लागते, फोनची लागत नाही. रेल्वेची तर गावाच्या स्टेशनातूनच पूर्णेकडे जाते, आणि आता दुहेरी झाली आहे. वाया गेलेला पोरगा लाईनीवर येतो. येईपर्यंत लाईन मारतो.

असे असताना रांग, ओळ, रेषा, तार, वाहिनी, रूळ एवढे शब्द बाळगण्याची चैन मराठीला हवीच कशाला? शासनाने १९६० साली भाषा संचालनालय काढले, तेव्हापासून प्रतिशब्द घडवणे चालूच आहे. तो व्याप आता आवरावा. जुन्या शब्दांना शाल-श्रीफळ देऊन सेवानिवृत्त करावे. प्रश्नपत्रिकेत ‘एका लाईनीत उत्तरे लिहा’ छापावे, भूमितीत समांतर लाईनी काढाव्यात. समानार्थी शब्दांचा प्रश्नही मग आपोआप रद्द होईल. पोरे दुवा देतील.

रात्री दोनला हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेला शेतकरी बॅटरीच्या उजेडात डीपीकडे बघतो आणि फोन लावतो. त्याला सांगायचे असते, “साहेब, लाईन नाही.”

पलीकडून गोड आवाज येतो, “या मार्गावरील सर्व लाईन्स व्यस्त आहेत.”

हरभऱ्याची तासं कोरडीच राहतात.