वेल्ह्यात हिमालय, तोही मेक्सिकोहून!

तुम्हाला म्हणून सांगते, पण वेल्ह्याच्या रस्त्याला हल्ली जे चाललंय ना, ते शोभणारं नाही हो! चेलाडी फाट्याला हायवे सोडायचा, नसरापूर मागे टाकायचं, की पुढे मार्गासनी-विंझरपर्यंत कमानीच कमानी. पूर्वी जिथे इंद्रायणी आणि आंबेमोहराची खाचरं होती, तिथे आता गुंठ्यागुंठ्यावर बंगली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्याचे पैसे, ज्याची जमीन. पण त्या कमानींवरची नावं वाचलीत का? पाइन, ओक, चेरी, आल्प्स यांतला एक तरी शब्द असल्याशिवाय गुंठा खपतच नाही म्हणे. २०२४ साली तालुक्याला राजगडाचं नाव द्यायचं ठरलं. महाराजांनी पंचवीसेक वर्षं जिथून राज्य चालवलं तो राजगड, आणि त्याच्या पायथ्याशी ही मंडळी स्वित्झर्लंड मांडून बसलीत!

बरं, स्वित्झर्लंड म्हटलं की झाडंही थंडीची हवीत. आंबा-फणस लावला तर लोक काय म्हणतील? आधीपासून गावातच राहत होते म्हणतील! म्हणून शनिवारी सकाळी गाड्या येतात त्या डिकीत रोपं घेऊनच. फाटकाच्या दोन्ही अंगांना एकेक ख्रिसमस ट्री, हा पहिला नियम. डिसेंबरात त्याला कापसाचा बर्फ, दिव्यांच्या माळा आणि पुढ्यात लाल टोपी घातलेला, घामाने निथळणारा नातू.

आता आतली बातमी ऐका. नर्सरीवाला ख्रिसमस ट्री म्हणून जे रोप गळ्यात मारतो, ते बहुतेक वेळा अरौकारिया असतं. त्याचं मूळ गाव न्यू कॅलेडोनिया. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, भर समुद्रात, प्रवाळांनी वेढलेलं उबदार बेट. कॅप्टन कुक १७७४ साली तिथे पोहोचला म्हणून या झाडाला कुक पाइन म्हणतात. पाइनही नाही आणि बर्फाशी याच्या सात पिढ्यांचा संबंध नाही. ज्याने जन्मात नारळाची झाडं पाहिली, त्याच्या अंगावर आपण कापूस चिकटवतो!

एवढ्यावर थांबतं तर मी बोललेही नसते. हे झाड सरळ उभंच राहत नाही. मला वाटायचं, वाऱ्याने कलतं. पण २०१७ साली संशोधकांनी पाच खंडांतली २५६ झाडं मोजून छापलं, की कुक पाइन जगात कुठेही लावा, तो विषुववृत्ताकडे झुकतो. सरासरी साडेआठ अंशांनी. म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे. का झुकतो, ते त्यांनाही नेमकं सांगता आलं नाही. आता दक्षिण म्हणजे कोणाची दिशा, ते तुम्हाला सांगायला नको. लाखभर रुपये मोजून वास्तुतज्ज्ञाकडून फाटक ईशान्येला काढून घ्यायचं, आणि फाटकावरचे दोन्ही द्वारपाल यमाकडे वाकून मुजरा करतायत! एका बंगल्यावर म्हणे झाडाला दोर बांधून उत्तरेकडे ओढून ठेवलंय. खरं-खोटं देव जाणे, पण मला ऐकून फार बरं वाटलं.

कुंपणाला सिल्व्हर ओक. हा ओकही नाही आणि चांदीचाही नाही. पूर्व ऑस्ट्रेलियातून आलेला. पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसन साहेबाने एकोणिसाव्या शतकात तिथे लावला, तेव्हापासून 'सिल्व्हर ओक म्हणजे हिल स्टेशन' हे आपल्या डोक्यात घट्ट बसलं. खरा ओक, ज्याच्या पानाची खालची बाजू चांदीसारखी पांढुरकी असते तो बांज, कुमाऊँ-गढवालात. सह्याद्रीत ओकची एकही जात आपणहून उगवलेली नाही. जाऊ द्या, सिल्व्हर ओकवर मी फार बोलत नाही, बिचारा कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

सफरचंदाचं प्रकरण मात्र चांगलंच गाजतंय. 'आमच्याकडे सफरचंद लागलंय' हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून माणसं काय करतील, सांगता येत नाही. सफरचंदाला थंडीचे तास लागतात. सात अंशांच्या खालचे. काश्मीर-हिमाचलातल्या नेहमीच्या जातींना असे हजारेक तास हवेत. म्हणजे जवळजवळ बेचाळीस दिवस आणि बेचाळीस रात्री, अखंड. पुण्याच्या थंडीचा विक्रम १७ जानेवारी १९३५चा, १.७ अंशांचा, त्या रात्रीबद्दल आपण अजून अभिमानाने बोलतो. वेल्ह्यात पहाटे बोटं वाकडी होतात हे खरं, पण अकरा वाजता स्वेटर काढावाच लागतो. सफरचंदाला अशा अर्ध्या-मुर्ध्या थंडीने जाग येत नाही. ते पानं गाळून डोळे मिटून बसतं, आणि बसलेलंच राहतं.

मग नर्सरीवाला खाली वाकून हळूच सांगतो, 'साहेब, कमी थंडीची जात आहे.' आहे, अगदी खरी आहे. बिलासपूरच्या हरिमन शर्मा यांनी हिमाचलाच्या खालच्या, उकाड्याच्या पट्ट्यात निवडून वाढवलेली एचआरएमएन-९९. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि योग्य माणसाला मिळाली. तिच्या जोडीला 'ॲना' इस्रायलची आणि 'डोर्सेट गोल्डन' बहामा बेटांवरची. झालं का आता? ज्या झाडाखाली उभं राहून सिमल्याच्या गप्पा मारायच्या, त्याचं माहेर नारळाच्या किनाऱ्यावर! शिवाय एचआरएमएनचं फळ तयार होतं जूनमध्ये. आपल्याकडे जून म्हणजे केळदच्या मढे घाटातून ढग वर येऊन थेट अंगणात बसतात तो महिना. चार फळं धरतात, त्यांतलं एक पाऊस नेतो, एक माकड नेतं, उरलेल्या दोघांचे फोटो सत्तर जणांना जातात.

ट्युलिपवाल्यांची तर गंमतच. 'सिलसिला' १९८१ साली आला आणि हॉलंडमधल्या ट्युलिपच्या ताटव्यांनी आमच्या पिढीचं डोकं फिरवलं ते फिरवलंच. खरं तर ट्युलिप मूळचा हॉलंडचा नव्हे. मध्य आशियातल्या डोंगरांतला, तुर्कांच्या बागांतून तिकडे पोहोचलेला. कडाक्याची थंडी खाल्ल्याशिवाय त्याचा कांदा फुलाचं मनावर घेत नाही. तीन-चार महिने थंडी हवी. मग आमच्याकडचे हौशी काय करतात? ऑनलाइन मागवलेले कांदे फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. एका घरात कामवाल्या मावशींनी त्यातले दोन पिठल्यात चिरले म्हणतात. बाकीचे वाचले, तीन महिन्यांनी थाटामाटात लावले, पानं आली, फूल मात्र नाही. का? तर त्याच फ्रीजमध्ये सफरचंदं होती. पिकणारं सफरचंद इथिलीन वायू सोडतं आणि त्याने कांद्याच्या पोटातली कळी जागच्या जागी मरते. सफरचंदाने आयुष्यात एकच काम चोख केलं, तेही फ्रीजमध्ये बसून!

पण ही सगळी किरकोळ प्रकरणं. मुख्य भानगड आमच्या भोरात आहे, आणि ती आपल्या सगळ्यांच्या घरातली आहे. ब्रह्मकमळ.

आषाढ-श्रावण लागला की आळीआळीतून निरोप फिरतो, 'आमच्याकडे आज उमलणार.' रात्री नऊनंतर माणसं जमतात. पाटावर कुंडी, भोवती रांगोळी, निरांजन, हळद-कुंकू, मसाला दूध. अकराच्या सुमाराला पाकळ्या उलगडायला लागल्या की आरती. कोणी तरी हमखास सांगतं, की हिमालयात हे फूल फक्त पुण्यवंतांनाच दिसतं. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट, 'दुर्मिळ ब्रह्मकमळ उमलले'. ही चौकट मी दर पावसाळ्यात वाचते. इतकं दुर्मिळ, की बाल्कनी तिथे ब्रह्मकमळ! एकाच झाडाला एका रात्रीत वीस फुलं आली की ते दुर्मिळातलं दुर्मिळ.

या फुलाचा सातबारा काढला, तर मालकाचं नाव निघतं एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, राहणार मेक्सिको आणि मध्य अमेरिका. आणि घराणं? निवडुंगाचं! हो, निवडुंग. ज्या काकू 'घरात काटेरी झाड ठेवू नये, भांडणं होतात' म्हणून सुनेची कॅक्टसची कुंडी जिन्याखाली ठेवायला लावतात, त्याच काकू निवडुंगाला ओवाळतात. आपण पान म्हणतो ते पान नाही, चपटं झालेलं खोड आहे. तो तुकडा मातीत खोचला की जगतो, म्हणून तर घराघरांत पोहोचला. रात्री उमलतं आणि घमघमतं ते देवासाठी नव्हे, पतंगांसाठी. हॉक मॉथ जातीचे पतंग लांब सोंडेने मध प्यायला येतात. पहाटे काम संपलं की फूल मान टाकतं. याचा सख्खा चुलतभाऊ ड्रॅगन फ्रूट. त्याचं फूल शेजारी ठेवलं तर भल्याभल्यांची फसगत होईल. गुजरातने २०२१ साली ड्रॅगन फ्रूटलाही 'कमलम' नाव दिलं. या निवडुंगांच्या कुंडलीत कमळाचा योग आहेच म्हणायचा.

मग खरं ब्रह्मकमळ कुठे असतं? ते आहे, हिमालयातच आहे, सुमारे ३,७०० ते ४,६०० मीटरवर. तोरणा चौदाशे मीटरचा. तोरण्यावर तोरणा ठेवला आणि वर आणखी अर्ध्याहून मोठा तिसरा चढवला, की त्याच्या गावाची वेस लागते. शास्त्रीय नाव सॉसुरिया ओब्व्हॅलाटा. उत्तराखंडचं राज्यफूल. केदारनाथ-बद्रीनाथला वाहिलं जातं, आणि तिथले गावकरी नंदाष्टमीआधी त्याला हात लावत नाहीत. टपाल खात्याने १९८२ साली हिमालयातल्या फुलांची तिकिटं काढली, त्यात ते आहे. आपल्या पांढऱ्याशुभ्र बाईसाहेबांसारखं दिसतं का? छे! बाहेर पिवळट-हिरव्या, कागदासारख्या पातळ पानांचा द्रोण आणि आत जांभळी गेंदेदार फुलं दाटीवाटीने बसलेली. तो द्रोण म्हणजे त्याचं स्वतःचं पॉलिहाऊस आहे. ऊन आत येऊ देतो, गार वारा अडवतो, आतली फुलं उबेत राहतात. एवढी हुशारी करून बर्फाच्या कडेला राहणाऱ्या फुलाचं नाव मेक्सिकोचा निवडुंग लावतो, आणि आपण त्यालाच पाट देतो!

आणि आता जे सांगणार आहे ते बसून ऐका. खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याचे नातलग कोण, ते शोधायला गेले तर आमच्या रायरेश्वरावरच सापडले. भाद्रपदात ते पठार पिवळंधमक होतं, ती सोनकी. सह्याद्रीतली, इथेच जन्मलेली. लोखंडी शिडी चढून रीलवाले वर येतात आणि त्याच सोनकीत लोळतात. ब्रह्मकमळाची सख्खी भावकी पायाखाली, आणि भलत्याच घरातली बाई पाटावर! कुळात सगळेच काही सोज्वळ नाहीत म्हणा. १९५५च्या सुमाराला पुण्यात नजरेत भरलेलं आणि मग देशभर माजलेलं गाजरगवतही याच घराण्यातलं. हायवेच्या कडेचा केशरी कॉसमॉसही त्यातलाच आणि तो तर मेक्सिकोचाच. त्यात उभं राहून लोक 'सह्याद्रीची रानफुलं' असं लिहितात. मला परक्याचं वावडं नाही. दसऱ्याचा झेंडूही मेक्सिकोचा, पण त्याने कधी केदारनाथाची ओळख सांगितली नाही. गुपचूप आला, तोरणात बसला.

थंड डोंगरावर कसं राहावं, हे आमच्या कारवीला विचारायचं. सात-आठ वर्षं नुसती हिरवी राहते, मग एका वर्षी सगळा उतार एकदम जांभळा आणि बी टाकून संपते. मावळातल्या घरांच्या कुडाला तीच लागायची, वरून शेणमातीचा लिंपा. आता प्लॉट सपाट करायला पहिला जेसीबी तिच्यावरच फिरतो, आणि त्या जागी 'नेटिव्ह लँडस्केपिंग' म्हणून विकत आणलेलं गवत लावतात. यावर आमच्या ह्यांचं म्हणणं, की कारवीचं नाव 'हिमालयन कारवी' ठेवा, एका हंगामात कुंपणाआड जाईल. ह्यांचं डोकं कधी कधी चालतं.

ताजी खबर अशी, की यंदा चारधामला गेलेल्या काही मंडळींनी खऱ्या ब्रह्मकमळाचं रोप बॅगेतून आणलं म्हणे. फ्रीजमध्ये ठेवलंय. ट्युलिपच्या शेजारी. त्यावर मी काही बोलणार नाही.

येत्या आठवड्यात आमच्या शेजारच्या वहिनींकडे उमलणार आहे. सगळं माहीत असूनही मी जाणार, मसाला दूध त्यांच्याइतकं भोरात कोणाचं होत नाही. निवडुंगाची गोष्ट तिथे काढायची नाही, असं ठरवलंय. त्यांनी मला एक पान द्यायचंही कबूल केलंय. ब्रह्मकमळ विकत घ्यायचं नसतं ना!