तयारीपंत

न्यू जर्सीतलं मराठी घर कळायचं तर बेसमेंटमध्ये उतरावं लागतं. वर सगळ्यांकडे तोच सोफा आणि तोच पितळी गणपती. खाली गेलं की माणूस दिसतो. कुणाकडे मंडळाच्या नाटकातल्या पुठ्ठ्याच्या तलवारी, कुणाकडे कॅरम, कुणाकडे 'परत जाताना लागतील' म्हणून वीस वर्षं जपलेली रिकामी खोकी. आमच्या तयारीपंतांकडे तीन मॉनिटर, खटखट वाजणारे दोन कीबोर्ड, एक माइक आणि भिंतभर पांढरा फळा. फळ्यावर मथळा एकच : 'स्पर्धेची तयारी'.

स्पर्धा म्हणजे लुडम डेअर. लॅटिनमध्ये 'खेळ देणे'. जेफ हाउलंड यांनी २००२ मध्ये हौशी प्रोग्रामरांसाठी ती सुरू केली. विषय ऐन वेळी जाहीर होतो आणि तिथून ४८ तासांत एकट्याने अख्खा व्हिडिओ गेम करायचा. कोड, चित्रं, आवाज, सगळं स्वतःचं. चारचौघांत मिळून करायचा तर त्याला 'जॅम' म्हणतात आणि ७२ तास मिळतात. (पंतांच्या आई पुण्याहून फोनवर विचारतात, "झाला का रे जॅम? बरण्या आहेत ना?") बक्षीस काही नाही. गेम झाला, हेच बक्षीस. पंतांना ही अट फार आवडते, कारण हरायची भीतीच नाही. आणि खरोखरच पंत आजवर कधी हरले नव्हते. दहा वर्षांत त्यांनी एकही गेम पाठवला नव्हता.

पंत आळशी असते तर गोष्ट सोपी होती. पण या माणसाइतकी तयारी मी लग्नघरातही पाहिलेली नाही. याचं मूळ आहे वायटूकेमध्ये. पंत १९९८ साली त्याच कामासाठी अमेरिकेत आले. एका विमा कंपनीच्या तळघरात बसून त्यांनी दोन आकडी वर्षं चार आकडी केली, दीड वर्ष, शनिवार-रविवारसकट. मग १ जानेवारी २००० उजाडला आणि काहीही झालं नाही. लोक म्हणाले, उगाच बोंब होती. पंत म्हणाले, "काहीच झालं नाही, याला म्हणतात तयारी!" तेव्हापासून हेच त्यांचं तत्त्वज्ञान. तयारी पक्की असली की काही होत नाही. लुडम डेअरमध्येही त्यांनी ते तंतोतंत पाळलं.

डिसेंबर २०११ मध्ये माइनक्राफ्टवाल्या मार्कुस पेर्सन यांनी या स्पर्धेत 'मिनीक्राफ्ट' नावाचा गेम केला आणि तो करताना आपला पडदा जगाला थेट दाखवला. पंतांनी डोळ्यांत तेल घालून ते पाहिलं, टिपणं काढली. मुदत संपली तेव्हा पेर्सन यांचा गेम झाला होता आणि पंतांची वही भरली होती.

स्पर्धेच्या नियमांत एक फट आहे. आधी लिहून ठेवलेला सर्वसाधारण कोड, म्हणजे 'बेस कोड', वापरायला मुभा असते. बाकीचे लोक त्या फटीतून दोन-चार किरकोळ अवजारं आत नेतात. पंतांनी तिथे चौसोपी वाडा बांधायला काढला. एका वर्षी युनिटी हे तयार गेम-इंजिन शिकले, पुढल्या वर्षी गोडो, मग दोन्ही 'आपल्या हाताचं नाही' म्हणून स्वतःचंच इंजिन लिहायला बसले. आज त्या वाड्यात मेनू आहे, मराठीसह तीन भाषा आहेत, आवाज लहानमोठा करायची पट्टी आहे. आवाज तेवढा नाही. मध्यंतरी कुणीतरी त्यांना १३ किलोबाइटमध्ये गेम बसवायची जेएस-थर्टीन-के स्पर्धा सुचवली. पंतांनी आधी नियोजनाची फाइल तयार केली. ती १९ किलोबाइटची झाली.

स्पर्धेच्या आठवड्यात घरात दिवाळीचं वातावरण असतं. चिवडा, चकल्या, दोन थर्मास. वहिनी सगळं करून देतात आणि एवढंच म्हणतात, "रविवारी रात्री डबे घासायला वर आणून ठेवा."

२०२२ चा एप्रिल मात्र वेगळा निघाला. शुक्रवारी रात्री विषय जाहीर झाला : 'डिले द इनएव्हिटेबल'. जे टळणार नाही, ते लांबवा. पंत खुर्चीत ताठ बसले. वहिनी म्हणाल्या, "तुमच्याकडे बघूनच काढलाय." त्यात दुसऱ्या दिवशी, शनिवारी २ तारखेला, गुढीपाडवा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक! पंतांनी फळा पुसला आणि 'मुहूर्ताची तयारी' असा नवा मथळा लिहिला.

आम्हाला त्या दिवशी जेवायला बोलावलं होतं. डेकवर पडद्याच्या दांडीची गुढी उभी होती, ओक ट्री रोडवरून आणलेली साखरेची गाठी वाऱ्यावर हलत होती. दारात स्वतः पंत. हा माणूस स्पर्धेच्या शनिवारी बेसमेंटबाहेर कधी दिसत नाही.

"या, या! टर्नपाइकने आलात की पार्कवेने?"

"पार्कवेने."

"कुठल्या एक्झिटला उतरलात?"

सांगितलं.

"छे! आधीच्याला उतरायचं. मग लाइट किती लागले?"

पाय आत टाकायला गेलो तर पंतांनी मुलांच्या कॉलेजची चौकशी काढली. मग आमच्या छपराची, मग ग्रीन कार्डची, मग माझ्या गुडघ्याची. वीस मिनिटं आम्ही पायरीवर. आतून संथ आवाज येत होता : टप... टप...

खरा प्रकार हिने वहिनींकडून काढला. श्रीखंडासाठी दही आदल्या संध्याकाळी बांधायचं होतं, पण पंचा सापडेना. तो पंतांनी मॉनिटर पुसायला नेला होता. पहाटे सापडला. तेव्हा कुठे चक्का नळाला टांगला गेला, आणि तो निथळेपर्यंत पाहुणे दारात थोपवायची कामगिरी गुन्हेगारावर सोपवली गेली.

गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च विचारता विचारता पंत एकदम थांबले. माझ्याकडे बघितलं, आतल्या टपटपीकडे कान दिला, आणि "सापडलं!" म्हणत थेट जिन्याने खाली. आमचं आम्हीच आत गेलो. श्रीखंड वाटीने प्यालो.

रविवारी रात्री पंतांनी गेम पाठवला. वाड्याला कुलूप घालून, एका साध्या कोऱ्या फाइलमध्ये लिहिलेला. नाव 'चक्का'. दारात पाहुणे, आत दही. तुम्ही प्रश्न विचारायचे. प्रत्येक प्रश्नाला चार थेंब गळतात. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर पाहुणा तुम्हाला ढकलून आत घुसतो. टपटप आवाज पंतांनी स्वतःच्या तोंडाने काढलाय.

मी पाच वेळा खेळलो. एकदा तर एक्झिटपासून थायरॉइडपर्यंत चाळीस प्रश्न विचारले. पाहुणे आत आलेच.

"पंत, हा चक्का पूर्ण निथळतो कधी?"

पंतांनी फळ्याकडे बोट दाखवलं. नवा मथळा पडला होता.

"त्याचीच तयारी चाललीय," ते म्हणाले.