मंदीतील आश्रयदाते

१९९३ साली पुण्यात स्थापन झालेल्या, कचरावेचकांच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या धुरीणांनी २००८ च्या जागतिक मंदीत, भंगाराचे भाव गडगडले असता, सभासदांची मोट कशी बांधून ठेवली, याचे कौतुक करणाऱ्यांस कोकणातील नागावच्या किनाऱ्यावरील परोपकाराची वार्ता नसावी. येथे शनिवार-रविवारी येणारी शहरी मंडळी सुरूच्या सावलीत पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि कणसांची बुरकुंडे अशा मुक्तहस्ताने सोडून जातात की, भाव कितीही उतरोत, वेचणाऱ्यांस मालाचा तुटवडा म्हणून भासू नये. ओला व सुका कचरा वेगळा करण्याची घनकचरा नियमांची ताकीदही ही मंडळी केवळ करुणेपोटी मोडतात. वर्गीकरण आपणच केले तर गरिबाचा रोजगार बुडेल! सबब, किनाऱ्यावरील कचराकुंड्या या रोजगारास बाधक ठरवून तातडीने जप्त कराव्यात आणि या आश्रयदात्यांचा शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कार करावा. अट एवढीच की सत्कारमूर्तींनी भर उन्हात, हातमोज्यांवाचून, वाळूत रुतलेल्या आपल्याच फुटक्या बाटलीच्या काचा वेचून सोबत आणाव्यात. शाल त्या काचांच्या किमतीत बसेल तेवढीच मिळेल.